कोणती बोट कमी लागते?

बेनेतो कंपनीची ओशियानिस ४०.१ ही शिडाची बोट सुमारे १२.९ मीटर लांब आणि जेमतेम ४.२ मीटर रुंद आहे. लगून ४२ ही कॅटामरान जवळपास तेवढीच लांब, पण ७.७ मीटर रुंद. पहिलीला तळ, म्हणजे पाण्यात तरंगणारं पोकळ अंग, एकच; दुसरीला दोन. त्या दोन तळांना जोडणाऱ्या मधल्या भागावर, भरपूर उजेडात दिवाणखाना. झोपायच्या खोल्या खाली, दोन्ही तळांत. पलीकडच्या खोलीतलं घोरणं आणि आपण यांच्यामध्ये चक्क समुद्र! एकतळी बोटीत सगळा संसार एकाच पोटात बसवावा लागतो. जागेचा निकाल इथेच लागला.

आरामाचा मात्र इतक्या सहज लागत नाही.

बोट कलली की त्या बाजूचा तळ जास्त बुडतो आणि पाणी त्याला वर रेटतं. हा रेटा मध्यापासून जितका लांब, तितकी बोट ताठ. कॅटामरानचे तळच एकमेकांपासून लांब, म्हणून शिडात वारा भरला तरी ती फारशी कलत नाही. एकतळी बोट १५-२० अंशांत कलून तासन्‌तास चालते. म्हणूनच तिच्यात शेगडी झुलती बसवतात आणि झोपलेला माणूस घरंगळू नये म्हणून बिछान्याच्या कडेला कापड ताणून बांधतात.

पण ताठ बोट लाटेच्या उताराबरोबर लगेच कलते आणि लगेच दुसऱ्या बाजूला झुकते. हेलकावे लहान, पण तुटक. त्यात समोरून आलेली लाट मधल्या भागाला खालून आदळली की टेबलावरचे कप उडतात. मोठी जागा आहे म्हणून सामान भरत गेलात, तर बोट खाली बसते, पाणी आणि तो भाग यांच्यातलं अंतर घटतं आणि दणके वाढतात. ऐसपैस कपाटं अर्धी रिकामी ठेवायची शिस्त किती जणांना जमते, कोण जाणे.

बोट लागायला सर्वांत वाईट म्हणजे साधारण पाच-सहा सेकंदांना एकदा होणारी वर-खाली. ती दोन्ही प्रकारांत वाट्याला येऊ शकते. नांगर टाकल्यावर मात्र कॅटामरानच सरस. आडव्या लाटांची लय एकतळीच्या स्वतःच्या डोलण्याशी जुळली, तर शांत दिसणाऱ्या खाडीतही रात्रभर डोळा लागत नाही.

सुट्टीत कुटुंबासह किनाऱ्याकिनाऱ्याने फिरायचं असेल, तर मी कॅटामरानच घेईन. पण गोव्यात बांधलेल्या, ५६ फुटी ‘तारिणी’तून नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती बोट एकतळीच आहे. अशा सागरी बोटींच्या तळाखालच्या कीलमध्ये, म्हणजे पाण्यात खोल उतरणाऱ्या जड पात्यात, शिसं किंवा ओतीव लोखंड असतं, बहुधा बोटीच्या वजनाच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतकं. लाटेने आडवी केली तरी हे वजन तिला पुन्हा उभी करतं. कॅटामरान सहसा उलटत नाही. पण उलटलीच, तर तरंगत राहते, ती मात्र पालथीच.