‘एजंट’ या शब्दाची पार्श्वभूमी : सीमाभागातील नवलेखक आणि साहित्य-प्रतिनिधीचा शोध

लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणी करायची आणि लेखकाच्या हाती पैसे आले तरच त्यातून आपला हिस्सा घ्यायचा, हा साहित्य-प्रतिनिधीचा (इंग्रजीत ‘लिटररी एजंट’चा) व्यवसाय 19 व्या शतकाच्या शेवटच्या पाव भागात लंडनमध्ये आकाराला आला. तेव्हा हा हिस्सा दहा टक्के होता. पुढे इंग्रजी जगात तो देशांतर्गत करारांसाठी पंधरा आणि परदेशी व अनुवादाच्या करारांसाठी साधारणपणे वीस टक्क्यांवर स्थिरावला. आरंभी काही प्रतिनिधी प्रकाशकांचीही कामे घेत असत, आणि त्यामुळे हा माणूस नेमका कोणाचा, हा वाद तेव्हापासूनच आहे. अमेरिकेत 1991 मध्ये प्रतिनिधींच्या दोन संघटना एकत्र होऊन जी संघटना झाली, तिने सभासदांना हस्तलिखित वाचण्यासाठी शुल्क घेण्यास मनाई केली. भारतात या व्यवसायाने मूळ धरले ते 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात, आणि सुरुवातीच्या संस्थांपैकी एक बेंगळुरूत, म्हणजे बेळगाव ज्या राज्यात आहे त्याच राज्याच्या राजधानीत, निघाली. तिचा व्यवहार मात्र प्रामुख्याने इंग्रजी पुस्तकांचा होता.

मराठी प्रकाशन व्यवहारात असा प्रतिनिधी रुजला नाही, याचे कारण साध्या हिशेबात सापडते. 250 रुपये किमतीच्या पुस्तकाच्या 500 प्रती निघाल्या आणि दहा टक्के मानधन ठरले, तर सगळ्या प्रती विकल्या गेल्यावर लेखकाला 12,500 रुपये मिळतात; त्यातील पंधरा टक्के म्हणजे 1,875 रुपये, आणि तेही बहुधा दोन-तीन वर्षांत हप्त्याहप्त्याने येणार. एवढ्यावर कोणाचा चरितार्थ चालणार नाही.

सीमाभागात हे काम दुसऱ्याच माणसांनी केले. पुण्या-मुंबईचे प्रकाशक दूर, कोल्हापूर त्यातल्या त्यात जवळ. 1956 नंतर तर साहित्याला अनुदान देणारी मराठी सरकारी यंत्रणा दुसऱ्या राज्यात गेली. अशा स्थितीत मराठी शाळेतले शिक्षक, वाचनालयाचे जुने कार्यकर्ते आणि स्थानिक दैनिकाच्या पुरवणीचे संपादक हेच नवलेखकाचे खरे प्रतिनिधी होते. बेळगावात अखिल भारतीय साहित्य संमेलन 1929, 1946 आणि 2000 साली भरले, पण नवलेखकाला अधिक उपयोगी पडली ती कडोली, उचगाव, सांबरा, येळ्ळूर अशा गावांतील ग्रामीण संमेलने. ग्रंथदिंडी आणि कविसंमेलन आटोपल्यावर महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्याच्या हाती वही सोपवण्याची संधी तेथे मिळत असे. त्या माणसांनी त्याबद्दल कधी पैसा घेतला नाही, हे मुद्दाम नोंदवले पाहिजे, कारण पुढच्या गोंधळाचे मूळ येथेच आहे : ज्या कामाला किंमत नव्हती, त्या कामाला नावही पडले नाही.

नाव नसल्यामुळे आता ‘एजंट’ हा शब्द त्या रिकाम्या जागी येऊन बसला आहे, आणि तो फार अडचणीचा शब्द आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीत एजंट म्हटले की वाहन परवान्याचे किंवा विम्याचे काम करणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. परवान्याचे कागद करून देणाऱ्याला फी आधी द्यायची असते, एवढे सर्वांना ठाऊक असते. हीच सवय मनात धरून नवलेखक जेव्हा साहित्य-प्रतिनिधी शोधतो, तेव्हा मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, छपाई आणि प्रकाशन समारंभ यांचे एकत्रित ‘पॅकेज’ विकणारी व्यक्ती त्याला सहजच एजंट वाटते. ती सेवा घेण्यात गैर काही नाही. मात्र तिथे लेखक हा ग्राहक असतो, आणि प्रतिनिधीच्या व्यवहारात तो मालक असतो.

या अर्थाच्या अधिक जवळ जाणारा शब्द आपल्याकडे बाजार आवारात होता : अडत्या. जुन्या रीतीप्रमाणे शेतकऱ्याचा माल विकला गेल्यावर अडत, म्हणजे दलाली, कापून उरलेल्या रकमेची पट्टी त्याच्या हाती पडे. माल विकला गेला नाही तर अडतही नाही. शब्दाला वाईट वास आहे हे मान्य, तरी पैसा विक्रीनंतर आणि विक्रीतूनच घेण्याचे तत्त्व तेच आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 182 नुसार एजंट म्हणजे दुसऱ्यासाठी काम करण्यास किंवा त्रयस्थांशी होणाऱ्या व्यवहारात त्याचे प्रतिनिधित्व करण्यास नेमलेली व्यक्ती. आणि मालकाच्या संमतीवाचून एजंटाने त्याच व्यवहारात स्वतःसाठी सौदा केला, तर कलम 215 मध्ये सांगितलेल्या परिस्थितीत तो व्यवहार नाकारण्याचा अधिकार मालकाला राहतो. म्हणून जो स्वतःच पुस्तक छापणार आहे, त्याने लेखकाचा प्रतिनिधी म्हणवून घेणे माझ्या मते चुकीचेच आहे.

अलीकडच्या काळात शोधाची दिशाही बदलली आहे. इंग्रजीत लिहिणारे सीमाभागातील तरुण एक पानाचे पत्र, कथासार आणि पहिली काही प्रकरणे दिल्ली-मुंबईच्या प्रतिनिधींना पाठवतात. मराठी लेखकाला प्रतिनिधी लागतो तो मुख्यतः अनुवादासाठी, कारण बेळगावच्या पुस्तकाला पहिला परभाषिक वाचक बहुधा कन्नडच मिळण्याचा संभव असतो; ‘करूलालोय’ (करतो आहे) यासारखी बोलीतली रूपे पुण्याचा संपादक प्रमाण करू पाहतो, तर कन्नड अनुवादकाला त्यांतली लय ओळखीची वाटते. परंतु मराठी करारपत्रांत ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ असे मोघम वाक्य आले की हा अनुवादाचा हक्कही लेखकाच्या हातून गेल्याचे धरले जाते. प्रत्यक्षात 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 नुसार हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीसह असावे लागते आणि कोणते हक्क दिले ते त्यात नेमके लिहावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते, आणि प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता धरला जातो.