दाबयुक्त टाकी : जलवितरणाच्या संगणकीय मॉडेलमधील मांडणी

दाबयुक्त टाकी ही सर्व बाजूंनी बंद असते. तिच्या एका भागात पाणी आणि उरलेल्या भागात दाबलेली हवा असते. पंप चालू असताना पाणी आत शिरते, हवा आक्रसते आणि दाब वाढतो. पंप बंद झाला की तीच हवा पाणी नळांकडे ढकलते. प्लंबर तिला प्रेशर टाकी म्हणतात, अभियंते हायड्रोन्यूमॅटिक टाकी. बहुतेक लहान टाक्यांत हवा आणि पाणी यांच्यामध्ये रबरी पिशवी असते.

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या टॉवरमध्ये किंवा नवी मुंबईतल्या उंच सोसायट्यांत ही टाकी सहसा गच्चीवर दिसते. गच्चीवरच्या साठवण टाकीचा तळ सर्वांत वरच्या मजल्यावरच्या शॉवरपेक्षा जेमतेम दोन-तीन मीटर उंच असतो, म्हणजे तिथला दाब ०.२ ते ०.३ बार. एवढ्यात शॉवर धड चालत नाही. म्हणून वरच्या मजल्यांसाठी बूस्टर पंप आणि त्याच्या जोडीला ही टाकी बसवतात.

या टाकीचे संगणकावर मॉडेल करायला घेताना पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की पाणी हवेला उघडे कुठे होते? आपल्याकडे पालिकेचे पाणी आधी सोसायटीच्या भूमिगत टाकीत फ्लोट व्हॉल्व्हमधून पडते आणि पालिकेच्या नळातला दाब तिथेच संपतो. त्यामुळे नवी मुंबईला पाणी पुरवणाऱ्या मोरबे धरणाचे पाणी भोकरपाड्याच्या शुद्धीकरण केंद्रातून सेक्टरच्या जलकुंभापर्यंत कसे पोहोचते, याचे मॉडेल करताना इमारतींवरच्या प्रेशर टाक्या त्यात घालण्याचे काहीच कारण नाही. तिथे भूमिगत टाकी कधी आणि किती वेगाने भरते एवढेच मांडावे. प्रेशर टाकी येते ती इमारतीच्या किंवा टाउनशिपच्या आतल्या जाळ्याच्या मॉडेलमध्ये.

अडचण सॉफ्टवेअरपासून सुरू होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९३ मध्ये प्रथम प्रसृत केलेले आणि आजही सर्वत्र वापरले जाणारे एपॅनेट हे जलवितरणाच्या मॉडेलचे सॉफ्टवेअर टाकी उघडीच धरते. तिथे टाकीचे हेड (मीटरमध्ये मोजलेली पाण्याची एकूण ऊर्जा) म्हणजे तळाची उंची अधिक पाण्याची पातळी. हवेच्या दाबासाठी रकानाच नाही. दीड मीटर उंचीची प्रेशर टाकी तिच्या खऱ्या मापांनी भरली, तर मॉडेल तिला दीड मीटर पाण्याची टाकी समजते आणि त्यापुढचे सगळे दाब चुकतात.

यावरचा रूढ उपाय म्हणजे समतुल्य टाकी. तळाची उंची खऱ्या टाकीचीच ठेवायची, पण पातळीच्या जागी दाबमापक गेजवरचा दाब मीटरमध्ये लिहायचा (१ बार म्हणजे सुमारे १०.२ मीटर). समजा ५०० लिटरची टाकी आहे, रिकामी असताना आतल्या हवेचा दाब १.८ बार आहे, पंप २ बारला सुरू होतो आणि ४ बारला बंद होतो. बॉइलच्या नियमाने हवेचे घनफळ निरपेक्ष दाबाच्या (गेजवरचा दाब अधिक वातावरणाचा दाब) व्यस्त प्रमाणात बदलते. म्हणून प्रत्येक आकड्यात वातावरणाचा सुमारे १ बार मिळवायचा. २ बारला हवा ५०० × २.८ ÷ ३ = ४६७ लिटर व्यापते, ४ बारला ५०० × २.८ ÷ ५ = २८० लिटर. फरक १८७ लिटर, आणि वापरायला मिळणारे पाणी एवढेच. गेजचे आकडे तसेच घातले तर उत्तर २२५ लिटर येते, म्हणजे सुमारे २० टक्के जास्त. ही चूक हिशेबात सहज लपते.

आता १८७ लिटर पाणी २०.४ मीटरच्या फरकात बसवायचे. त्यासाठी समतुल्य टाकीचा व्यास येतो जेमतेम ११ सेंटीमीटर. मॉडेलमधली ही टाकी पाइपच्या तुकड्यासारखी दिसते. नवा माणूस तिथे थबकतो आणि व्यास ‘दुरुस्त’ करून टाकतो. तसे करू नये. शिवाय एकाच व्यासाच्या टाकीत पातळीच्या प्रत्येक मीटरला सारखेच पाणी साठते, दाबलेल्या हवेच्या टाकीत तसे होत नाही. २ ते ३ बारमध्ये ११७ लिटर साठतात, ३ ते ४ बारमध्ये फक्त ७०. म्हणून व्यासाऐवजी पातळी-घनफळ वक्र (कोणत्या पातळीला किती पाणी, याचा आलेख) देणे मला केव्हाही श्रेयस्कर वाटते. चार-पाच बिंदू पुरतात.

कमाल पातळी मात्र पंप बंद होण्याच्या दाबापेक्षा थोडी वर ठेवावी. एपॅनेटमध्ये टाकी काठोकाठ भरली की आत येणारा मार्ग आपोआप बंद होतो. खऱ्या टाकीत ४ बारला तसे काही घडत नाही.

वेळेच्या पायरीकडेही, म्हणजे मॉडेल किती वेळाच्या अंतराने हिशेब करते याकडेही, लक्ष हवे. पंप मिनिटाला १०० लिटर देतो आणि वापर ४० लिटर आहे असे धरले, तर टाकी सुमारे तीन मिनिटांत भरते आणि पाच मिनिटांच्या आत उतरते. एपॅनेटची मूळ पायरी एक तासाची आहे. पंपाचा नियम टाकीच्या पातळीवर लावला तर सॉफ्टवेअर त्या क्षणी पायरी तोडते, पण दोन क्षणांमधला प्रवाह ते स्थिर धरते. प्रत्यक्षात दाब चढतो तसा पंपाचा प्रवाह घटत जातो. म्हणून पायरी काही सेकंदांचीच ठेवावी. नियम जंक्शनच्या (पाइप जिथे जोडले जातात त्या बिंदूच्या) दाबावर लावल्यास पायरी अशी तुटत नाही, आणि पंप उशिरा बंद होतो.

पंप अचानक थांबल्यावर बसणारा पाण्याचा धक्का या मांडणीत दिसत नाही. तिथे क्षणिक प्रवाहाचे (क्षणाक्षणाला बदलणाऱ्या दाबाचे) वेगळे सॉफ्टवेअर लागते आणि हवेसाठी बॉइलच्या नियमाऐवजी असे सूत्र वापरतात, ज्यात घनफळाला साधारण १.२ घातांक असतो. व्हेरिएबल स्पीड पंप (गरजेप्रमाणे वेग बदलणारा) दाब स्थिर राखत असेल, तर दिवसभराच्या मॉडेलमधून ही टाकी वगळलेलीही चालते.

सगळ्या आकड्यांत सर्वांत बेभरवशाचा आकडा म्हणजे आतल्या हवेचा मूळ दाब. टाकीवरच्या स्टिकरवर कारखान्यातला दाब लिहिलेला असतो. हवा पुढे हळूहळू झिरपत जाते. पंप बंद करून, टाकीतले पाणी पूर्ण काढून, वरच्या व्हॉल्व्हला गाडीच्या टायरचा गेज लावला की खरा दाब कळतो. व्हॉल्व्हमधून हवेऐवजी पाणी आले तर पिशवी फाटली आहे. त्या टाकीत वापरायला मिळणारे पाणी जवळपास शून्य उरते, पंप दर काही सेकंदांनी चालू-बंद होतो, आणि मॉडेलमध्येही तिची साठवण तेवढीच धरावी लागते.