शेरीच्या पिंपातली बेल्जियन व्हिस्की: ग्लासात नेमकं काय येतं

शेरी कास्क, म्हणजे आधी शेरी (स्पेनची कडक वाइन) भरलेलं लाकडी पिंप, म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं पिंपात उरलेली शेरी व्हिस्कीत मिसळते आणि म्हणून ती मनुक्यासारखी गोडसर लागते. पिंपाच्या फळ्यांमध्ये काही लिटर शेरी मुरलेली असते हे खरंय, आणि चवीला तिचा हातभार लागतोच, पण सगळं श्रेय तिलाच दिलं तर बिचाऱ्या लाकडावर अन्याय होतो.

बेल्जियमचंच बघा. देशाची ओळख बिअरची, पण लिएजजवळ एतिएन बुयाँ यांनी 2004 मध्ये बेल्जियन आउल ही डिस्टिलरी (दारू गाळण्याचा कारखाना) सुरू केली आणि आजूबाजूच्या शेतातल्या बार्लीपासून सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत फक्त मोड आणलेल्या बार्लीची व्हिस्की, करायला घेतली. आता तिथे जे तांब्याचे पॉट स्टिल (दारू गाळायची भांडी) आहेत ते स्कॉटलंडच्या केपरडॉनिक या बंद पडलेल्या डिस्टिलरीतून आणलेले. यांची बहुतेक व्हिस्की बर्बनच्या (अमेरिकन मक्याच्या व्हिस्कीच्या) पिंपात मुरते, शेरीच्या पिंपातल्या बाटल्या मोजक्याच निघतात, त्यामुळे मिळाल्या तर दोन्ही शेजारी ठेवून चाखाव्यात, कारण स्पिरिट (पिंपात भरायची गाळलेली दारू) तेच आणि लाकूड वेगळं अशी तुलना सहज हाती लागत नाही.

बर्बनचं पिंप अमेरिकन ओकचं, आतून जाळलेलं. त्यातून व्हॅनिलाच्या वासाचं व्हॅनिलिन येतं आणि लॅक्टोन या लाकडातल्या संयुगांमुळे खोबऱ्याचा वास. शेरीची पिंपं अमेरिकन ओकचीही असतात, पण युरोपियन ओकचं असेल तर खेळ बदलतो, टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) जास्त, रंग गडद, आणि मसाल्याचा वास. यातला लवंगेचा वास नुसता भास नाही बरं का, ओक भाजताना लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन तुटून युजेनॉल तयार होतं, आणि आपल्या लवंगेच्या तेलातला मुख्य रेणूही तोच.

मग शेरी काय करते? ती नव्या लाकडातलं कच्चं, कडवट टॅनिन आधीच ओढून घेते आणि स्वतःचा सुक्या मेव्याचा वास मागे ठेवते. पूर्वी शेरी पिंपातूनच ब्रिटनला जायची आणि रिकामी पिंपं स्कॉटिश लोक स्वस्तात उचलायचे. 1980च्या दशकात स्पेनमध्येच बाटलीबंद करणं सक्तीचं झालं आणि तो पुरवठा आटला. आता पिंपं मुद्दाम व्हिस्कीसाठीच बनवतात, त्यात वर्ष-दोन वर्षं शेरी भरून ठेवतात, आणि ती शेरी प्यायला म्हणून सहसा विकतही नाहीत, तिचा व्हिनेगर होतो किंवा ती पुन्हा पुढच्या पिंपात जाते.

आता ग्लास घ्या, तोंडाशी निमुळता असलेला. नाक एकदम आत खुपसू नका, अल्कोहोल वास घेणाऱ्या नसा बधिर करतं, थोडं लांबून सुरुवात करा. आधी फळं येतील, पेअर, पिकलं केळं. केळ्याच्या वासाचा आयसोअमाइल अॅसिटेट हा रेणू यीस्टने आंबवतानाच केलेला असतो, पिंपाचा त्यात काही संबंध नाही. मागून मनुके, खजूर, अक्रोड, लवंग. घोट घेऊन जिभेवर फिरवा, गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा, कारण चव म्हणून जे आपण सांगतो त्यातलं बरंचसं घशामागून नाकात गेलेला वासच असतो. शेवटी हिरड्यांवर कच्ची सुपारी चघळल्यासारखा तुरटपणा राहतो, ते टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटल्यामुळे.

रंगावरून मात्र अंदाज बांधू नका, बऱ्याच व्हिस्कीत कॅरॅमल रंग घालायला कायद्याने परवानगी आहे.

आणि पाणी घालायला लाजू नका. 2017 मध्ये स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोन शास्त्रज्ञांनी कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करून दाखवलं की अल्कोहोल 45 टक्क्यांपर्यंत असेल तर धुरकट वासाचा ग्वायाकॉल हा रेणू पृष्ठभागाजवळ राहतो, आणि 59 टक्क्यांच्या वर गेलं की तो अल्कोहोलमध्ये वेढला जाऊन खाली दबतो. म्हणजे थेट पिंपातून भरलेली कडक बाटली असेल तर चमचाभर पाणी घाला, दोन मिनिटं थांबा आणि परत हुंगा, आधी न सापडलेले वास तेव्हा सापडतात.