परसातल्या कोंबड्या : निरीक्षण व निगा

घराच्या अवतीभवती पाच ते पंधरा कोंबड्या दिवसा मोकळ्या सोडायच्या आणि रात्री खुराड्यात कोंडायच्या, अशी ही पद्धत आहे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत पाटण, जावळी, शिराळ्याच्या पावसाळी पट्ट्यापासून माण, आटपाडी, जतच्या कोरड्या माळापर्यंत ती सर्वत्र आढळते. कोंबडी आजार लपवते, कारण दुबळी दिसली की कळपातल्या बाकीच्या तिला टोचतात. ती पंख पाडून कोपऱ्यात उभी राहिली, म्हणजे बहुधा उशीर झालेला असतो. त्यामुळे लहान कळपात औषधांच्या बाटल्यांपेक्षा रोजची दोन वेळची पाहणी जास्त कोंबड्या वाचवते.

सकाळी खुराडे उघडण्याआधी क्षणभर कान द्यावा. घरघर किंवा शिंका ऐकू आल्या, तर ती कोंबडी शोधून वेगळी काढावी. दार उघडल्यावर सर्वांत शेवटी कोण बाहेर येते, दाण्यावर कोण धावत नाही, हे पाहावे. बसायच्या दांडीखाली जुना पत्रा ठेवला की रात्रीची विष्ठा एका जागी सापडते. निरोगी विष्ठा घट्ट, करडी-तपकिरी आणि वर पांढरा थर असलेली असते. मधूनच चॉकलेटी, चिकट, घाण वासाची विष्ठा पडते. नवखे तिला घाबरतात, पण ती नेहमीचीच असते. हिरवट पाण्यासारखी विष्ठा दिसली तर मानमोडी म्हणजे राणीखेत रोगाची, रक्त दिसले तर रक्ती हगवणीची शंका घ्यावी.

संध्याकाळी कोंबड्या दांडीवर बसल्या की हाताला येतात. प्रत्येकीच्या गळ्याच्या तळाशी असलेली दाण्याची पिशवी चाचपावी. ती भरलेली हवी. रिकामी असेल तर कोंबडीने दिवसभर खाल्लेले नाही. उलट, सकाळी हीच पिशवी रिकामी हवी. सकाळीही ती टणक लागली, तर आत सुतळी, लांब गवत किंवा पाचटाचे धागे अडकलेले असतात. त्याच वेळी छातीचे हाड चाचपावे. ते सुरीसारखे टोकदार लागले की जंत, उवा किंवा उपासमार यांपैकी काहीतरी आहे.

अंडी देत असलेल्या कोंबडीचा तुरा लाल आणि मऊ असतो. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंच्या हाडांत दोन-तीन बोटे मावतात; अंडी बंद असतील तर जेमतेम एक. पिवळ्या पायांच्या कोंबडीचे पाय अंडी देता देता फिके पडतात. हा पिवळेपणा पाळीव कोंबडीत करड्या रानकोंबड्याकडून आल्याचे जनुकीय अभ्यासात दिसले आहे. कोयना आणि चांदोलीच्या रानात हा रानकोंबडा आजही आहे.

खुराड्यात कोंबडीमागे दीड ते दोन चौरस फूट जागा आणि दांडीवर 8-10 इंच लांबी द्यावी. चार-पाच कोंबड्यांना अंडी घालायला एक खोका पुरतो. खाली भाताचा तूस तीन-चार इंच पसरावा. मुठीत दाबलेला तूस मूठ उघडताच सुटला पाहिजे. गोळा राहिला तर ओल जास्त आहे. पावसाळ्यात पाटण-शिराळ्याकडे रक्ती हगवण वाढते ती या ओलीमुळेच. जाळीची भोके अर्ध्या इंचाहून मोठी नसावीत, कारण मुंगूस आणि उंदीर बारीक फटीतूनही आत शिरतात. लाकडाच्या चिरांत कोंबडीची गोचीड दिवसा दडते आणि रात्री रक्त पिते. दिव्याच्या उजेडात दांडीची खालची बाजू पाहावी, चिरा चुन्याने भराव्यात. परसात कोरडी माती आणि चाळलेली राख असलेला खड्डा ठेवला, तर त्यात लोळून कोंबड्या उवा स्वतःच कमी करतात.

मोकळ्या फिरणाऱ्या देशी कोंबडीला संध्याकाळी 50-60 ग्रॅम दाणा पुरतो. पूर्ण कोंडलेलीला रोज 110-120 ग्रॅम लागतो. मक्याचा भरडा 5 किलो, शेंगदाणा पेंड 2 किलो, तांदळाची कणी 2 किलो आणि थोडे खनिज मिश्रण असे खाद्य घरी करता येते. पेंडीला बुरशीचा वास आला तर ती टाकून द्यावी. तिच्यातले विष यकृत खराब करते. शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्या हवा तेवढा खातात. पिलांना तो देऊ नये, त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. जत-आटपाडीच्या उन्हाळ्यात कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटून अंड्याचे कवच पातळ होते. अशा वेळी सावलीत मातीच्या भांड्यात दोनदा गार पाणी भरावे. डिसेंबरात दिवस सुमारे 11 तासांचा होतो आणि अंडी कमी होतात. बल्ब लावायचा तर पहाटे लावावा. रात्री तो अचानक बंद झाला की कोंबड्यांना दांडी सापडत नाही.

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या देशी कोंबडीखाली आठवड्याच्या आतली 10-12 अंडी ठेवावीत. सातव्या रात्री टॉर्चवर धरल्यावर ज्यांत शिरांचे जाळे दिसत नाही ती काढावीत. पिले 21 व्या दिवशी निघतात. वनराजा, गिरिराजसारख्या सुधारित जाती अंडी जास्त देतात, पण सहसा खुडूक बसत नाहीत. त्यांची अंडी देशी कोंबडीखालीच उबवावी लागतात.

मानमोडी वाडीतले सगळे खुराडे रिकामे करू शकते. लासोटा लशीचा एक थेंब 5-7 व्या दिवशी डोळ्यात, तोच पुन्हा चौथ्या आठवड्यात आणि आठव्या आठवड्यात आरटूबी लशीची टोचणी, असा क्रम आहे. लशीची कुपी साधारण 100 कोंबड्यांची असते, ती 2 ते 8 अंश सेल्सियसला ठेवावी लागते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांसाठी ती कोणी फोडत नाही आणि लस राहून जाते. वस्तीने एकच दिवस ठरवून सगळ्यांच्या कोंबड्यांना लस द्यावी, तीही रात्री किंवा भल्या पहाटे, कोंबड्या कोंडलेल्या असताना. आजारी कोंबडीला लस देऊ नये. बाजारातून आणलेली नवी कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवावी. मेलेली कोंबडी ओढ्यात किंवा उकिरड्यावर न टाकता खोल खड्ड्यात चुना घालून पुरावी आणि एकाच वेळी अनेक मेल्या तर त्यांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.