कुलूपबंद घर मोजायचं कसं?

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, रत्नागिरी जिल्ह्यात ११२२. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत मात्र रत्नागिरीतही मुलीच कमी. म्हणजे हा फरक जन्माचा नाही, कमावता पुरुष मुंबईला गेल्याचा आहे. कोकणात घरोघरी पाहणी करणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावं, कारण नमुना, म्हणजे सगळ्या घरांतून पाहणीसाठी निवडलेली थोडी घरं, बिघडतो तो बहुतेक वेळा दाराच्या कुलपापाशी.

समजा, वाडीत २०० घरं आहेत आणि ४० निवडायची आहेत. २०० भागिले ४० म्हणजे ५. आता १ ते ५ अंकांच्या चिठ्ठ्या टाकून एक उचला. ३ निघाला तर यादीतलं ३रं, ८वं, १३वं असं शेवटपर्यंत जायचं. यादी ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदवहीवरून करा. मतदारयादीवर विसंबू नका. नाव मुंबईला हलवलेली कुटुंबं तिच्यातून गळतात. एका घरात दोन चुली असतील तर ती दोन कुटुंबं.

आठव्या घराला कुलूप दिसलं की पोरं सरळ नवव्याची कडी वाजवतात. चाळीसचा आकडा पुरा होतो, पण उत्तर चुकतं. कसं ते पाहा. २००पैकी ६० घरं कायमची बंद, सगळी माणसं बाहेरगावी. उघड्या १४० घरांपैकी ५६ घरांतलं कुणीतरी बाहेर कामाला आहे. बाहेरगावी माणूस असलेली घरं ६० अधिक ५६, म्हणजे ११६. त्यांचं खरं प्रमाण ११६ भागिले २००, म्हणजे ५८ टक्के. उघडीच घरं विचारली तर ५६ भागिले १४०, म्हणजे ४० टक्केच येतं. ती १४०च्या १४० विचारा, तरी ४०च येणार.

नमुना वाढवला की उत्तर सुधारतं, ही समजूत इथे अडते. मोठ्या लोकसंख्येतून निवडलेल्या १०० जणांच्या नमुन्यात टक्केवारी साधारण १० अंक इकडेतिकडे होऊ शकते, ४०० जणांच्या नमुन्यात ५. पण ही घट फक्त योगायोगाच्या चुकीची आहे. जे घर निवडीत आलं आणि तरीही विचारलं गेलं नाही, त्याची भरपाई संख्येनं होत नाही.

म्हणून बदली घर घेऊ नका. वेगवेगळ्या वेळी तीन खेपा घाला. सकाळी बंद असलेलं घर मासळीबाजारातून बाई परतल्यावर उघडतं. तरीही कुलूपच असेल तर शेजारी विचारा: घर कधीपासून बंद, माणसं कुठे, येतात कधी? ही उत्तरं ‘शेजाऱ्यांकडून’ अशी खूण करून वेगळ्या रकान्यात लिहा.

गणपतीत उलटा घोटाळा होतो. चाकरमानी आलेले असतात आणि चार माणसांचं घर अकरांचं दिसतं. तेव्हा ‘घरात किती माणसं?’ असं न विचारता ‘गेल्या सहा महिन्यांत बहुतेक दिवस इथेच कोण कोण जेवलं?’ असं विचारा.

अहवालात टक्केवारीआधी हे वाक्य हवं: निवडलेली घरं ४०, माहिती मिळाली २८, कुलूपबंद १२.