धडाडीची बाई वेगळी, निर्णय घेणारी बाई वेगळी

मराठी पडद्यावरची बाई बदलली का, असा विषय निघाला की पुण्यात हमखास एकच उत्तर मिळतं: बदलली की, पूर्वी रडायची, आता बुलेट चालवते. हे ऐकून ऐकून मी वैतागले आहे. बुलेट चालवणं ही धडाडी झाली. सोशिक नायिकेचा साचा मोडतो तो निर्णयानं. चित्रपटांवर नेमानं लिहिणारी माणसंसुद्धा एकीला दुसरीचं नाव देऊन मोकळी होतात.

सोशिक नायिकेबद्दल नव्यानं सांगायला नको. 'माहेरची साडी' (१९९१) आपण सगळ्यांनी पाहिलाय, आपल्या आयांनी तर डोळे पुसत पाहिलाय. कपडे, नोकरी, वेणी की कापलेले केस, हे फरकही सोडून द्या. त्यानं काही ठरत नाही.

'कुंकू' (१९३७) घ्या. आज पुण्यात जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथे प्रभात फिल्म कंपनीच्या स्टुडिओत तो तयार झाला. फसवून म्हाताऱ्या काकासाहेबांच्या गळ्यात बांधलेली नीरा लोकांना आठवते ती अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला छडीनं फोडून काढणारी. शांता आपट्यांचा तो आवेश पाहावा असा आहेच. पण तो प्रसंग वगळला तरी चित्रपट उभा राहतो. वगळता येत नाही तो तिचा नकार: या माणसाला मी नवरा मानणार नाही. त्याच घरात उठायचं, त्याच माणसांसमोर वावरायचं आणि दर दिवशी पुन्हा नाही म्हणायचं. छडी एकदाच उचलावी लागते, नकार रोज द्यावा लागतो. तरी मला एक खटकतंच. नीराची सुटका होते ती काकासाहेबांच्या आत्महत्येनं. तिला मोकळं करायचा शेवटचा शब्द नवऱ्याचाच राहिला.

तो शब्द बाईकडे आला जब्बार पटेलांच्या 'उंबरठा'त (१९८२). सुलभा महाजनला धडाडीची म्हणवत नाही मला. महिलाश्रमाचं काम अंगावर घेते, तिथे चुकते, एकटी पडते, हरून घरी येते. तर नवऱ्यानं मधल्या काळात दुसरी बाई जोडलेली. स्मिता पाटील इथे कुणाच्या थोबाडीत मारत नाही. घर सोडते, लेक मागे ठेवून. हा निर्णय बरोबर की चूक, यावर आमच्या घरी आई आणि मावशी कितीतरी वर्षं भांडत होत्या. दोघींपैकी एकीलाही तो पुसून टाकता आला नाही, कारण तो पुसला तर गोष्टच राहत नाही. माझ्या मते यापेक्षा चांगली नायिका मराठीत लिहिली गेलेली नाही.

'सैराट'बद्दल (२०१६) मात्र आपण आर्चीवर अन्याय करतो. ट्रॅक्टर आणि बुलेट एवढंच धरून बसतो. ती दोन्ही वाहनं तिच्या बापाच्या पैशाची. परशाबरोबर घरातून पळून गेल्यावर हैदराबादच्या झोपडपट्टीत, नळाच्या पाण्यासाठी धडपडत, फॅक्टरीत कामाला जाणारी आर्ची खरी बघायची. परशा हात उचलतो तेव्हा ती निघून जाते, आणि मग स्वतःच परत फिरते. तिथे बुलेट नाही, पाटलाचं नाव नाही. तिला आतून काय वाटतं एवढ्याच बळावर ठरवायचंय.

म्हणून मी एवढंच तपासते: नायिकेचा 'हो' किंवा 'नाही' काढून घेतला तर गोष्ट अडते का? न अडता पुढे सरकली, तर नायिका कितीही जोरात बोलत असो, ती शोभेची आहे.

गेल्या वर्षी एका कॉलेजात लघुपटांच्या संहिता तपासायला बसले होते. एका मुलाच्या संहितेत पहिल्याच पानावर नायिका बसस्टॉपवर छेड काढणाऱ्याच्या कानाखाली वाजवते. नवव्या पानावर दिल्लीला शिकायला जाऊ का म्हणून वडिलांपुढे उभी राहते. वडील गहिवरून 'जा बाळा' म्हणतात, संपलं. मी त्याला विचारलं, वडील नाही म्हणाले तर?

तो म्हणाला, "मग ती कशी जाणार, मॅडम?"

मी त्याला नववं पान परत दिलं आणि सांगितलं, वडिलांना नाही म्हणू दे, आणि तिथून पुढे लिही.