एलिंग्टन ॲट न्यूपोर्ट

जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनच्या बिग बँडचं, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदाचं, ७ जुलै १९५६ च्या रात्रीचं, अमेरिकेतल्या न्यूपोर्ट जॅझ फेस्टिव्हलमधलं रेकॉर्डिंग, काढलं कोलंबिया कंपनीनं. फेस्टिव्हलसाठी मुद्दाम रचलेला तीन भागांचा सूट, म्हणजे एकत्र गुंफलेल्या रचनांचा संच, यात आहे. तो एलिंग्टन आणि त्याचा सहसंगीतकार बिली स्ट्रेहॉर्न दोघांच्या नावावर आहे, कुणाचा हात किती हे वेगळं काढणं अवघडच. वरातीचे ब्रास बँड ऐकत मोठं झालेल्या कोल्हापूरकरांना ट्रम्पेट, सॅक्सोफोन समजावून सांगायची गरज नाही.

खरा वाद आहे तो हे ‘लाइव्ह’ कितपत लाइव्ह याचा. सूटची तालीम पुरेशी झाली नव्हती म्हणून ९ जुलैला स्टुडिओत तो पुन्हा वाजवून घेतला आणि त्यावर टाळ्या मागाहून चिकटवल्या. १९५६ च्या एलपीत मैदानातला भाग साधारण ४० टक्केच असावा असं मानतात. निर्माता जॉर्ज अवाकियनची अडचण समजण्यासारखी आहे, पण कोल्हापूरच्या देवल क्लबात मैफल ऐकणाऱ्याला विचारा, दाद जागेवरच यावी लागते, नंतर आणून ठेवलेली लगेच कळते.

बँडमधल्या पॉल गोन्साल्व्हिसच्या सोलोची गोष्ट वेगळी. १९३७ सालच्या दोन ब्लूज रचनांच्या मधे त्यानं टेनर सॅक्सोफोनवर सलग २७ कोरस वाजवले. एक कोरस १२ बारचा, बारला ४ मात्रा, म्हणजे आपल्या हिशेबानं ४८ मात्रांचं आवर्तन आणि अशी २७, तीही सम न सोडता, लोक खुर्च्यांवर उभे राहून ओरडत असताना. पण तो वाजवत होता व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओच्या माइकमध्ये, त्यामुळे कोलंबियाच्या टेपवर सॅक्सोफोन लांबून आल्यासारखा वाटतो. पुढे रेडिओची ती टेप सापडली, आणि १९९९ च्या आवृत्तीत दोन्ही टेप जुळवून एक डाव्या कानाला, एक उजव्या कानाला असा स्टिरिओ तयार केला. काही जुन्या श्रोत्यांना अजून एलपीच आवडते. पण ज्या कोल्हापुरात गायक अल्लादियाखाँसाहेब राहिले आणि त्यांचं एकही रेकॉर्डिंग हाती नाही, तिथल्या माणसाला सापडलेल्या टेपची किंमत जास्त कळते, त्यामुळे ऐकायची तर १९९९ चीच.

सोलोनंतर गर्दी आवरेना, तेव्हा एलिंग्टननं जॉनी हॉजेसला पुढं केलं आणि त्याच्या संथ आल्टो सॅक्सोफोननं लोक हळूहळू खाली बसले.